परीक्षा शेपटीची

मांजर ओळखायला का शास्त्रज्ञ लागतो? दुधाचे पातेले उलटले की घरातले शेंबडे पोरही सांगेल, "बोका आला होता!" पण स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात हाच प्रश्न भल्याभल्या पंडितांना घाम फोडतो. तेथील रानात अस्सल रानमांजर राहते, आणि घरांतून परागंदा झालेली मांजरेही त्याच पायवाटांनी हिंडतात. दोघांच्याही अंगावर पट्टे!

झाडांना स्वयंचलित कॅमेरे बांधून ठेवतात. समोरून उबदार अंगाचा प्राणी सरकला की छायाचित्र निघते. पण रात्रीची चित्रे अवरक्त प्रकाशातली, नुसती काळीपांढरी. रंगाचा आधार तेथेच सुटतो. मग पाहावयाचे काय? मुख्यतः शेपूट! रानमांजराची शेपूट जाड, झुबकेदार, तिच्यावर सुटी सुटी काळी कडी आणि टोक बोथट. पाठीवरची काळी रेघ शेपटीच्या मुळाशी थांबते. घरमांजराची शेपूट निमुळती, आणि ती रेघ खुशाल पुढे शेपटीवर धावते. पाय पांढरे दिसले, तर घरच्या रक्ताचा संशय घ्यावाच.

२००५ साली तज्ज्ञांनी अशा ७ खुणा प्रसिद्ध केल्या. प्रत्येकीला १ ते ३ गुण. २१ पैकी १९ मिळाले तर मांजर पास! आम्हा पेपर तपासणाऱ्यांना ही पद्धत पाहून आपुलकीच वाटते. मात्र आमचा विद्यार्थी पावसात भिजून, शेपूट झुडपात लपवून परीक्षेला बसत नाही. म्हणून एका चित्रावर निकाल देऊ नये. दोन्ही कुशी आणि पाठ दिसेपर्यंत थांबावे.

एवढी चिकित्सा कशासाठी म्हणाल, तर या दोन कुळांचा संकर होतो, आणि ती संकरित पिलेही पुढे वंश वाढवतात. पिढ्यान्‌पिढ्या रानचे रक्त पातळ होत गेले. ही जमात तेथे स्वबळावर तगण्यापलीकडे गेली आहे, असे २०१९ च्या अहवालाने सांगितले. मग मुद्दाम पैदास केलेली १९ मांजरे २०२३ साली केर्नगॉर्म्सच्या रानात सोडली. २०२४ साली त्यांना पिले झाली. आता आसपासच्या भटक्या मांजरांना पकडून, नसबंदी व लसीकरण करून सोडून देतात. ओळखण्यात चूक झाली, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेमके अस्सल रानमांजरच यायचे! तेव्हा चित्रावर विसंबून न राहता पकडलेल्या संशयिताची आनुवंशिक तपासणीही करतात.