लिफ्ट केलेली जीप इतकी का आदळते? नवे शॉकअप घेण्याआधी वजनकाट्यावर जा

भोसरी, मोशी, कुरुळी, चाकण. कारखान्यांच्या पट्ट्यातला हा रस्ता ज्यांच्या रोजच्या वाट्याला येतो, त्यांना कंटेनरच्या चाकांनी दाबून तयार झालेले चर, उड्डाणपुलांवरचे सांधे आणि सोसायट्यांनी आपापल्या मर्जीने घातलेले गतिरोधक तोंडपाठ असतात. याच रस्त्यावर हल्ली रुंद टायर, उंच केलेली बॉडी आणि पुढे लोखंडी बंपर लावलेल्या थार, गुरखा किंवा जुन्या महिंद्रा जीप दिसतात. रविवारी डोंगरात चिखल तुडवताना त्या झकास वाटतात. सोमवारी ड्युटीवर जाताना मात्र प्रत्येक सांधा थेट पाठीच्या मणक्याला कळतो.

मालकाची पहिली तक्रार ठरलेली असते : ‘शॉकअप कडक आहेत.’ मग महागडे शॉकअप बसवले जातात आणि बऱ्याचदा गाडी तशीच आदळत राहते. कारण गाडी कडक होण्याची कारणे अनेक असतात आणि शॉकअप हे त्यातले फक्त एक असते. ती कारणे कोणती आणि कोणत्या क्रमाने तपासावीत, ते पाहू.

कंपनीने नेमके काय जुळवलेले असते?

चाक आणि बॉडी यांच्यामध्ये तीन गोष्टी काम करतात. टायरमधली हवा छोटे, तीक्ष्ण धक्के गिळते. स्प्रिंग किंवा पाटे गाडीचे वजन पेलतात आणि मोठा धक्का साठवून घेतात. साठवलेली ही ऊर्जा गाडीला झुलवत ठेवू नये म्हणून शॉकअप ती तेलाच्या घर्षणातून उष्णतेत बदलतो. म्हणजे नावात ‘शॉक’ असला तरी धक्का सोसण्याचे मुख्य काम स्प्रिंगचे आहे. शॉकअप तिचे हेलकावे आवरतो.

या तिन्ही गोष्टी एका ठराविक वजनासाठी जुळवलेल्या असतात. गाडीच्या वजनाने १५ सेंटीमीटर दबणाऱ्या स्प्रिंगवर बॉडी सेकंदाला साधारण १.३ हेलकावे घेते. तेच वजन फक्त साडेसात सेंटीमीटर दबणाऱ्या, म्हणजे दुप्पट कडक स्प्रिंगवर ठेवले, तर हा आकडा १.८ वर जातो. प्रवासी गाड्यांमध्ये तो साधारण १ ते १.५ च्या आसपास ठेवतात. बसलेल्या माणसाला सर्वाधिक त्रास देणारी उभी कंपने सेकंदाला ४ ते ८ या टप्प्यातली असतात. स्प्रिंग, शॉकअप आणि टायर जितके कडक, तितकी या टप्प्यातली कंपने सीटपर्यंत जास्त पोहोचतात.

ही जुळवाजुळव आपल्या शेजारीच चालते. गॅब्रिएल इंडिया आणि एन्ड्युरन्स या शॉकअप बनवणाऱ्या कंपन्यांचे कारखाने चाकण पट्ट्यात आहेत आणि वाहनांच्या चाचण्या घेणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. महिनोन्‌महिने चाचण्या घेऊन ठरवलेले हे गणित आपण एका दुपारी गॅरेजमध्ये बदलतो. बदलायला हरकत नाही, पण पुन्हा जुळवावे लागते.

लिफ्ट केल्यावर काय बिघडते?

सर्वांत नेहमीची चूक वजनाच्या अंदाजात होते. लिफ्ट किटमधल्या स्प्रिंग कायम वाहून नेण्याच्या जादा वजनानुसार वेगवेगळ्या येतात. लोखंडी बंपर आणि विंच मिळून पुढच्या बाजूला ५० ते १०० किलो सहज वाढतात. छतावरचा तंबू, मागचे स्टेपनी कॅरिअर, जादा डिझेलचे कॅन यांचे वजन वेगळे. पुढे-मागे हे सगळे बसवायचेच आहे म्हणून लोक जास्त भाराची स्प्रिंग घेतात. सामान मात्र येत नाही. गाडीत रोज एकटा चालक आणि एक डबा. मग स्प्रिंग दबतच नाही.

पाट्यांच्या गाडीत हाच प्रकार ‘एक पाटा वाढवू’ म्हणून होतो. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला, तर जुडगा ढोबळमानाने २० टक्के कडक होतो. जाडीचा परिणाम याहून मोठा, कारण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ७ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरचा पाटा घेतला, तर तो एक पाटा जवळजवळ दीडपट कडक होतो. डोळ्यांना हा एक मिलिमीटर दिसतही नाही.

दुसरी चूक उंचीची. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. तिचा पुढचा भाग उचलण्याचा स्वस्त उपाय म्हणजे टॉर्शन बारचा बोल्ट आवळणे. याने बार कडक होतो, असा समज आहे. प्रत्यक्षात बारचा कडकपणा तोच राहतो. फक्त चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही. गतिरोधक ओलांडून चाक खाली उतरताना ‘ठक्क’ असा जो आवाज येतो, तो चाकाची हालचाल संपल्याचा आवाज असतो. २०२० च्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आहेत. तिथे स्पेसर टाकून उंची वाढवली आणि शॉकअप मूळ लांबीचेच ठेवले, तरी नेमके हेच होते.

तिसरी गोष्ट टायर. चिखलाचे जाड टायर आणि मोठे रिम यांचे वजन स्प्रिंगच्या खाली येते, त्यामुळे त्याला स्प्रिंगचा आधार मिळत नाही. जड चाक खड्ड्यातून वर उसळले की त्याला आवरणे शॉकअपला अवघड जाते. शिवाय बाजूवर ‘एलटी’ किंवा ‘१० पीआर’ लिहिलेल्या टायरची भिंत जाड असते. ती छोटे धक्के मूळ टायरइतके गिळत नाही.

तपास कुठून सुरू करायचा?

फुकटच्या गोष्टींपासून.

१. हवा. टायरच्या भिंतीवर छापलेला पीएसआयचा आकडा टायरने कमाल भार उचलतानाचा असतो, रोजचा नव्हे. दाराच्या खांबावरचा स्टिकर मूळ मापाच्या टायरसाठी असतो. टायर बदलले असतील तर टायर कंपनीचा भार आणि हवा यांचा तक्ता मागा. एलटी टायरला तोच भार पेलायला साध्या टायरपेक्षा थोडी जास्त हवा लागू शकते, त्यामुळे अंदाजाने कमी करू नका. सोबत खडूची चाचणी करा. टायरच्या नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढा आणि सपाट डांबरी रस्त्यावर सरळ शंभर मीटर चालवा. रेघ फक्त मध्यभागी पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली गेली तर कमी. हवा नेहमी टायर थंड असताना मोजा. डोंगरात जाताना हवा उतरवली असेल, तर महामार्गाला लागण्याआधी ती पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटू शकतो.

२. आघाताचे ठोकळे. चाक पूर्ण वर गेले की ॲक्सल चासीला लागू नये म्हणून रबरी ठोकळे असतात. ठोकळ्याच्या तोंडावर ग्रीसचा ठिपका लावा आणि नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारून या. समोरच्या पत्र्यावर ग्रीस उमटले असेल, तर तुम्हाला जाणवणारा दणका ठोकळ्याचा आहे. ग्रीस जसेच्या तसे आणि धक्का मात्र बसतोय, तर स्प्रिंग दबतच नाही असे समजा. शॉकअपचा दांडा उघडा असेल, तर त्यावर प्लास्टिकची टाय हलकी आवळून शॉकअप किती आत जातो हेही मोजता येते.

३. बुश. ही सर्वांत दुर्लक्षित जागा. रबरी बुश दोन्हीकडून पकडलेला असतो आणि पिळ खाऊन काम करतो. गाडी लिफ्टवर टांगलेली असताना, चाके लोंबत असताना त्याचे बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. तो जादा स्प्रिंगसारखे काम करतो आणि लवकर फाटतो. उपाय सोपा आहे : बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करून पुढे-मागे थोडी ढकला आणि मग बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळा. किट बसवल्याच्या दिवसापासूनच गाडी आदळत असेल, तर गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा.

४. पाटे आणि शॅकल. पाटे दबताना लांब होतात, म्हणून एका टोकाला शॅकल झुलावे लागते. ते गंजून अडकले किंवा त्याचा बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला, तर पाटे नुसती लोखंडी पट्टी होऊन बसतात. पाट्यांच्या मधला गंजही तसाच. पाटे उघडून घासून, वंगण देऊन पुन्हा बसवण्याचा खर्च नव्या शॉकअपच्या मानाने किरकोळ आहे.

वजनकाटा का?

एवढे करूनही गाडी आदळत असेल, तर वजन करा. चाकण-भोसरी पट्ट्यात ट्रकसाठी वजनकाटे जागोजागी आहेत. गाडी रोज ज्या अवस्थेत चालते तशीच न्या : नेहमीचे सामान, नेहमीची माणसे. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या आणि आकडा लिहा. मग पूर्ण गाडी घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे मागच्या ॲक्सलवरचा भार. कंपनीच्या मूळ वजनाशी तो ताडून पाहा. पुढे ७० किलो वाढले आणि मागे काहीच नाही, असे निघाले तर पुढची स्प्रिंग मध्यम भाराची आणि मागची मूळ कडकपणाची हवी. दोन्हीकडे ‘हेवी ड्युटी’ घेण्याचे कारण उरत नाही. स्प्रिंग विकणाऱ्याला ‘मऊ द्या’ किंवा ‘कडक द्या’ असे सांगण्यापेक्षा हे दोन आकडे सांगितले, तर योग्य माल मिळण्याची शक्यता कितीतरी वाढते.

कॉइल कापणे हा उपाय नाही. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग उलट आणखी कडक होते आणि तिचे टोक खुर्चीत नीट बसत नाही. पाटा काढायचा असेल, तर मुख्य पाटा आणि त्याला कवटाळणारा दुसरा पाटा यांना हात लावू नका. बाकीचे काम पाटे बनवणाऱ्या कारागिराकडून करून घ्या.

मग शॉकअप कधी बदलायचे?

स्प्रिंग ठरल्यानंतर. शॉकअपचे दोन गुण असतात : दबताना होणारा विरोध आणि उघडताना होणारा विरोध. उघडतानाचा विरोध फार जास्त असेल, तर खडबडीत रस्त्यावर स्प्रिंग एका खड्ड्यातून पूर्ण उघडण्याआधी दुसरा खड्डा येतो. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी ठोकळ्यांवर आदळू लागते. एकट्या गतिरोधकावर ठीक, पण सलग खड्ड्यांत वाईट, अशी तक्रार असेल तर संशय इथे घ्या. एकच तीक्ष्ण सांधाही दणका देत असेल, तर दबतानाचा विरोध किंवा टायर तपासा. बंपर दाबून पाहण्याची जुनी चाचणी मेलेला शॉकअप ओळखते. जास्त कडक शॉकअप तिला कळत नाही.

घेताना पूर्ण दबलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी नव्या उंचीशी जुळते का, ते मोजा. शक्य असेल तर विरोध कमी-जास्त करता येणारे शॉकअप घ्या आणि सर्वांत मऊ खुणेपासून सुरुवात करा.

फक्त आरामाचाच प्रश्न आहे का?

नाही. चाक रस्त्यावरून उडालेले असते, त्या क्षणी ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही निकामी असतात. खडबडीत उतारावर, पुढे अचानक थांबलेला ट्रक असताना कडक गाडी मऊ गाडीपेक्षा उशिरा थांबू शकते. उंची वाढल्यावर गाडीचा तोलही बदलतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे मोठी उंची किंवा भलत्या मापाचे टायर लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारणा केलेली बरी.

बहुतेक कडक गाड्या हवा, बुश आणि शॅकल या तीन ठिकाणीच बऱ्याचशा सुधारतात. म्हणून एका वेळी एकच बदल करा, त्याच रस्त्याने त्याच वेगाने फिरून या आणि फरक वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा शॉकअपपासूनच सुरुवात होईल.