सायकल चालवा, पण वाट निवडून

चंद्रपूर काय किंवा गडचिरोली काय, सायकल आपल्याला नवी नाही. धानाचे पोते कॅरिअरवर बांधून गिरणीवर जाणारा शेतकरी, गावोगाव टपाल वाटणारा पोस्टमन, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर हायस्कूल गाठणाऱ्या मुली ही सर्वांच्या ओळखीची चित्रे आहेत. वरोऱ्याच्या आनंदवनातील बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान सुरू केले, तेव्हा सोबतची तरुण मुले-मुली सायकलीवरच काश्मीरकडे निघाली होती. पुढे घरोघरी मोटारसायकल आली आणि सायकल पडवीत गंजत पडली. आता मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेले पोट घेऊन येणाऱ्या रुग्णांना डॉक्टर पुन्हा तीच सायकल बाहेर काढायला सांगत आहेत.

परदेशात तर डांबरी रस्ता सोडून खडी-मुरुमाच्या रस्त्याने सायकल चालवण्याचा छंदच निघाला आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ पासून अशा कच्च्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते, आणि २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. आपल्याला शर्यत करायची नाही. पण तिकडचे लोक ज्या रस्त्याच्या शोधात लांबलांब जातात, तो आपल्या घरामागेच आहे. धानाच्या बांध्यांमधून जाणारी पांदण, तलावाची पाळ, कालव्याकाठचा मुरुमी रस्ता, चामोर्शीहून मार्कंड्याकडे उत्तरवाहिनी वैनगंगेच्या अंगाने जाणाऱ्या वाटा. आरोग्यासाठी याहून चांगले मैदान मिळणार नाही.

महामार्ग का नको?

ऑगस्ट २०२५ मध्ये आरमोरी-गडचिरोली महामार्गावर काटली गावाजवळ पहाटे व्यायामाला निघालेल्या मुलांना ट्रकने चिरडले. चार मुले गेली. व्यायामाला निघालेले मूल घरी परत येऊ नये, याहून वाईट ते काय? कोळसा, लोहखनिज, सिमेंट आणि धान वाहणारी जड वाहने आपल्या मुख्य रस्त्यांवर रात्रंदिवस धावतात. पहाटेच्या अंधारात आणि हिवाळ्याच्या धुक्यात चालकाला सायकलस्वार दिसत नाही. त्यात धूळ आणि धूर. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर या भागांतील वाचकांना हे सांगायला नको. व्यायाम करताना आपण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त हवा छातीत ओढतो, म्हणजे धूळही तितकीच जास्त आत जाते. दम्याच्या रुग्णांनी तर अशा रस्त्यावर व्यायाम करूच नये. थोडा वळसा पडला तरी चालेल, पण आडवाट धरावी.

शरीराला काय मिळते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास सायकल चालवली तरी किमान गरज भागते. मध्यम म्हणजे किती? सायकल चालवताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग. बोलतानाही धाप लागत असेल तर वेग कमी करावा.

सायकलीवर अंगाचा भार सीटवर पडतो, गुडघ्यावर नाही. त्यामुळे चालताना गुडघे दुखणाऱ्यांना, वजन जास्त असलेल्यांना ती सोसते. मांडीचे स्नायू रक्तातली साखर वापरू लागतात, रक्तदाब उतरायला मदत होते, झोप सुधारते. मुरुमाच्या रस्त्यावर तोल सांभाळताना पाठ, कंबर आणि दंड यांनाही काम पडते. मात्र हाडांच्या बळकटीसाठी अंगाचा भार पायावर पडावा लागतो. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, सायकलीच्या जोडीला चालणेही ठेवावे.

सायकल कशी असावी?

महागडी सायकल घेण्याची मुळीच गरज नाही. घरातली जुनी सायकल दुकानात नेऊन ब्रेक, चेन आणि टायर तपासून घ्या. टायर शक्यतो जाड आणि खाचा असलेले असावेत. कच्च्या रस्त्यावर हवा दगडासारखी टम्म भरू नये. किंचित कमी ठेवली तर धक्के कमी बसतात आणि चाक घसरत नाही. सीटची उंची अशी ठेवा की पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर टेकवली तर पाय सरळ होईल. सीट फार खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखू लागते.

हँडल घट्ट आवळून धरू नये, कोपर किंचित वाकलेले असावे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळहाताजवळची नस दाबली जात आहे असे समजावे आणि हाताची जागा बदलत राहावी. जांघेत बधिरपणा वाटला तर उतरून पाच मिनिटे चालावे. डोक्यावर हेल्मेट हवेच. मुरुमावर पडून खरचटले तर जखम साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावी, खडे राहू देऊ नयेत आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. कुत्रा चावला तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ऊन आणि पाणी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे सायकलीचा उत्तम काळ. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, काही वर्षी तो ४७-४८ पर्यंतही गेला आहे. मार्चपासून सकाळी आठच्या आत घरी परतावे. तहान लागण्याची वाट न बघता दर वीस मिनिटांनी थोडे पाणी प्यावे. तासाभराहून जास्त वेळ लागणार असेल तर मीठ-साखरेचे पाणी सोबत न्यावे. घरी आल्यावर मठ्ठा किंवा ज्वारीची आंबील घ्यावी. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना समजून सावलीत थांबावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात होय. त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. कपडे सैल करून अंगावर पाणी टाकावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंग थंड करण्याचे काम रुग्णवाहिका येईपर्यंत थांबवू नये.

पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे दिसले तरी सायकल घालू नये. नाल्याच्या पाण्याचा जोर वरून कळत नाही.

सिकलसेल आणि ताप

आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजाराच्या रुग्णांना अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे आणि थंडी या तिन्ही गोष्टींनी असह्य वेदना सुरू होऊ शकतात. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लांबची सायकल करू नये. केवळ वाहक असलेल्यांना बहुधा त्रास होत नाही. परंतु उन्हात, तहानलेल्या अवस्थेत जीव तोडून श्रम केले तर त्यांच्याही स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, ती एकदा करून घ्यावी.

गडचिरोलीच्या जंगल भागात हिवताप अजून आहे. फिरून आल्यावर काही दिवसांनी थंडी वाजून ताप आला तर घरी गोळ्या घेत बसू नये, रक्त तपासावे. मेंदूचा हिवताप फार वेळ देत नाही.

वाघाची वेळ टाळा

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांना पोटासाठी जंगलात जावे लागले. आपण व्यायामासाठी जाणार आहोत, तेव्हा आपल्याला तरी वेळ आणि वाट निवडता येते. जंगलाला लागून असलेल्या रस्त्यावर सूर्य चांगला वर आल्यावर जावे आणि सायंकाळी दिवस मावळण्यापूर्वी परतावे. एकटे जाऊ नये. तिघे-चौघे बोलत, घंटी वाजवत चालावे, कानात गाणी लावू नयेत. मोहफुलांच्या दिवसांत अस्वलाचेही भय असते. निघण्यापूर्वी गावकऱ्यांना किंवा वनरक्षकाला विचारावे. परिसरात वाघ फिरत असल्याची सूचना असेल तर त्या दिवशी शाळेच्या मैदानावर फेऱ्या माराव्यात. जनावर समोर दिसलेच तर पाठ फिरवून पळू नये. सायकल आडवी धरून, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकावे.

आधी कोणी विचारावे?

चाळीस वर्षांवरील ज्यांनी अनेक वर्षे व्यायाम केलेला नाही, ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब, फिट्स किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे, तसेच गरोदर स्त्रिया यांनी तपासणी करूनच सुरुवात करावी. मधुमेहाच्या रुग्णांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा आणि घरी आल्यावर तळपाय बघावेत. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण घाम अशी लक्षणे दिसली तर 'गॅस झाला असेल' म्हणत पुढे जाऊ नये. तिथेच थांबून मदत मागवावी.

पहिला आठवडा रोज पंधरा मिनिटे, दुसरा वीस, आणि महिन्याभरात अर्धा तास, एवढी चढण पुरे. घरी सांगून निघावे, कोणत्या वाटेने जातो तेही सांगावे. सायकलीला मागे लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी लावायला फारसा खर्च येत नाही. तो या आठवड्यातच करून टाका. आणि घरातली मुले भरतीच्या तयारीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावत असतील, तर त्यांच्यासाठी गावाच्या आत किंवा शाळेत सुरक्षित जागा मिळावी म्हणून ग्रामपंचायतीकडे आजच अर्ज द्या.