धनत्रयोदशीचा दक्षिणमुखी दिवा

धनत्रयोदशी तोंडावर आल्यावर सोन्याच्या भावाची चर्चा घरोघरी सुरू होत असली, तरी त्याच संध्याकाळी दाराबाहेर लावायच्या यमदीपाचा उल्लेख जाहिरातींच्या गर्दीत अभावानेच आढळतो. पनवेल तालुक्यातील नेरे परिसरात हा सण येतो तो हळव्या भाताच्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या वाणाच्या, कापणीच्या सुमारास. जमिनीत पेरलेले दाणे शतपटीने वर येत असताना मृत्यूच्या देवासाठीही दिवा लागतो, ही जुळणी विचार करायला लावणारी आहे.

हा दिवा कणकेचा असतो. मळलेल्या गोळ्याला अंगठ्याने खळगा पाडून त्यात तेल-वात घालतात आणि तिन्हीसांजेला तो उंबऱ्याबाहेर, वात दक्षिणेकडे करून ठेवतात. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून एरवी त्या दिशेला दिव्याचे तोंड करणे कटाक्षाने टाळले जाते. अपमृत्यू, म्हणजे अकाली येणारे मरण, टळावे हा या दीपदानाचा हेतू आहे. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या पाच खंडांच्या इंग्रजी ग्रंथाचे कर्ते, 1963 साली भारतरत्नाने गौरवलेले पां. वा. काणे यांनी पाचव्या खंडात दिवाळीचे विवेचन करताना यमाशी निगडित विधींची नोंद केली आहे, आणि त्या दृष्टीने पाहिले तर दिवाळीवर लक्ष्मीइतकाच यमाचाही हक्क दिसतो. त्रयोदशीला दिवा, नरक चतुर्दशीला चौदा नावांनी यमतर्पण आणि यमद्वितीयेला, म्हणजे भाऊबीजेला, यमुनेच्या घरी भाऊ म्हणून जेवायला आलेला यम, असा हा क्रम आहे.

धन आणि मरण यांची ही सांगड प्राचीन ग्रीकांनी तर एकाच देवात घातली होती. झ्यूस आणि पोसायडन यांचा भाऊ हेडीस याच्या वाट्याला पाताळ आले. त्याचे नाव उच्चारायला लोक कचरत, म्हणून त्याला ‘प्लूटोन’, म्हणजे संपत्तीचा देव, असे म्हणू लागले, कारण धान्य आणि धातू दोन्ही जमिनीखालूनच येतात. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील भांड्यांवरील चित्रांत त्याच्या हाती समृद्धीचे शिंग दिसते. त्याने पळवून नेलेली पर्सेफोनी धान्यदेवता डिमीटरची मुलगी असून तिच्या येण्याजाण्यावर पिकाचे ऋतू ठरतात, ही कथा भातशेती करणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

ऋग्वेदातील यमाचे दोन चार-डोळ्यांचे कुत्रे आणि हेडीसच्या दारातला सर्बेरस यांची नावे एकाच मुळाची असल्याचे काही भाषाशास्त्रज्ञांनी सुचवले असले, तरी ध्वनिनियमांच्या कसोटीवर ते मत वादग्रस्त ठरले आहे. या दोन देवांमधला भेद अधिक बोलका आहे: हेडीस जन्माने देव, तर यम हा परंपरेने पहिला मरण पावलेला मानव, ज्याने पुढच्यांसाठी वाट शोधली. म्हणूनच तो पूर्वज आणि धर्मराजही ठरतो, आणि त्याला दिवा दाखवण्यात धाकापेक्षा जिव्हाळा अधिक असावा.

ग्रीसमधील एलिस येथील हेडीसचे देऊळ वर्षातून एकदाच उघडत असे, कारण माणूस त्या देवाकडे एकदाच जातो, असे दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियसने नोंदवले आहे. कणकेच्या दिव्याची वात दक्षिणेकडे वळते, तीही वर्षातून एकाच संध्याकाळी.