स्कूटरच्या चाकांचा घरगुती कायापालट

आमच्या घरात दोन दुचाकी आहेत. एक ह्यांची, नवी आणि ऐटबाज. दुसरी माझी स्कूटर, दुसऱ्याच्या हाताखालून आलेली. पण तिचे पैसे मी माझ्या अर्धवेळ नोकरीच्या पगारातून साठवलेले, म्हणून माझा जीव तिच्यावर अंमळ जास्तच!

स्कूटर धावायला उत्तम; खोट होती ती चाकांत. रिमवरचा रंग जागोजागी उडालेला, हवा भरायच्या व्हॉल्व्हपाशी आणि कडेकडेनं तांबूस गंज. शाळेच्या दारात इतर बाईंच्या गाड्यांशेजारी ती लावताना मला उगीचच ओशाळल्यासारखं व्हायचं.

“अहो, चाकांना रंग देऊन घेऊ या का?” मी विचारलं.

“चालतेय ना? मग झालं!” वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता उत्तर आलं.

गॅरेजवाल्यानं “वहिनी, चाकं उतरवावी लागतील, टायर काढावे लागतील” असं म्हणून जो आकडा सांगितला, तो ऐकून मी मुकाट्यानं घरी आले. मग माझ्या धाकट्या भावानं तोड सुचवली. “ताई, रबराचा स्प्रे मिळतो. चाकावर मारायचा. नाही आवडला तर केळ्याच्या सालीसारखा ओढून काढायचा.”

‘काढता येतो’ हे ऐकूनच मला धीर आला. मैत्रिणींनो, अशा कामांना हात घालायला आपण कचरतो ते कष्टांना भिऊन नव्हे. बिघडलं तर घरात काय ऐकावं लागेल, ही धास्ती! इथे तर चूक पुसायची सोय होती. मात्र पहिल्याच खेपेला मला कळलं, की ह्या कामात दोन चुका अशा आहेत की त्या ओढून काढता येत नाहीत. म्हणून माझी फजिती आधी सांगते.

जुलैतला रविवार. बाहेर पाऊस, म्हणून मी स्कूटर मागच्या बंदिस्त पडवीत घेतली, ओल्या फडक्यानं चाक पुसलं आणि नाकाला ओढणी बांधून फवारा मारायला सुरुवात केली. दोन हात झाले नाहीत तोच डोकं जड झालं, मळमळू लागलं. आतल्या खोलीतून लेक खोकत ओरडली, “आई, कसला वास येतोय गं?” आणि तेवढ्यात देवघरातून सासूबाईंची हाक, “अगं, निरांजन लावते हं!”

माझ्या हातातला डबा तिथेच पडला. डब्यावर ज्वालाग्राही म्हणून आगीचं चित्र ठळक छापलेलं होतं, आणि मी ते वाचून सोडून दिलं होतं. धावत जाऊन त्यांच्या हातातली काड्याची पेटी घेतली, दारंखिडक्या उघडल्या, लेकीला शेजारी पाठवलं. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. चाकावरचा रंगही दमट हवेनं पांढुरका पडला. तो ‘सालीसारखा’ निघाला नाहीच. नखानं कण कण खरवडत मी तीन दिवस बसले होते!

रबर बसतं कसं, निघतं कसं?

ह्या डब्यात कृत्रिम रबर असतं, ते उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवलेलं. फवारल्यावर द्रावक हवेत उडतं आणि मागे रबराचा पापुद्रा राहतो. परदेशात ‘प्लास्टी डिप’ नावानं हा प्रकार प्रसिद्ध आहे. पक्कड, पाने अशा हत्यारांच्या मुठी त्यात बुडवून काढतात, म्हणजे हातातून निसटत नाहीत. फवाऱ्याच्या डब्यामुळे तेच रबर गाड्यांच्या चाकांवर आलं.

पापुद्रा चाकाला नुसता बिलगून असतो, एकजीव होत नाही, म्हणूनच तो निघतो. पण दुधावरची साय आठवा. जाड साय सबंध उचलता येते, पातळ साय बोटाला लागून फाटते. तसंच इथे. पापुद्रा पुरेसा जाड असेल तरच अखंड निघेल. माझे दोनच हात झाले होते, ते निघणार कसे?

आधी सफाई, मग रंग

दुसरी खेप मी डिसेंबरात केली. हवा कोरडी, अंगण मोकळं. निम्मं यश सफाईत आहे.

गाडी मुख्य स्टँडवर लावा, म्हणजे मागचं चाक हातानं फिरवता येतं. भांड्यांच्या साबणानं चाक घासून धुवा आणि पूर्ण सुकू द्या. गंज पॉलिश पेपरनं घासून काढा. गंजावर रबर मारलं तर तो आतल्या आत वाढत राहतो. लोखंड उघडं पडलं असेल तर प्रायमरचा हात द्या आणि तो चांगला आठवडाभर वाळू द्या. रिम वाकलेली, चिरलेली किंवा गंजानं खोल खाल्लेली असेल, तर स्प्रे बाजूला ठेवून मेकॅनिककडे जा. रंगानं दोष झाकतो, जात नाही.

शेवटी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं चाक पुसून घ्या. तेलाचा एक डाग राहिला तरी तिथे रबर धरत नाही. त्यानंतर उघड्या बोटांनी चाकाला हात लावू नका.

टायर झाकायला मी एक युक्ती केली. जुन्या लग्नपत्रिकांचे पत्त्यांएवढे तुकडे करून ते टायर आणि रिमच्या फटीत ओळीनं खोचले. व्हॉल्व्हला चिकटपट्टी गुंडाळली. बाकीच्या गाडीला जुनी चादर आणि वर्तमानपत्रं.

फवारा मारताना

डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला की फवारा बारीक येतो. पाणी कोमटच हवं. डबा गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवला तर फुटायची भीती. मग मिनिटभर जोरात हलवा आणि साधारण वीतभर अंतरावरून, हात सतत हलता ठेवून फवारा.

पहिला हात अगदी विरळ, खालचा रंग निम्मा दिसेल इतकाच. एकदम झाकायला गेलात तर ओघळ आलेच. प्रत्येक हातानंतर १५ ते २० मिनिटं थांबा. असे एकूण पाच-सहा हात द्या. मधल्या वेळात मी वह्या तपासल्या, म्हणजे घाई सुचत नाही!

शेवटचा हात ओला असतानाच चिकटपट्टी आणि पत्रिका काढा. वाळल्यावर ओढाल तर पापुद्रा त्यांच्याबरोबर सोलून येईल. रात्रभर गाडी हलवू नका आणि दोन-तीन दिवस धुऊ नका.

ह्या दोन चुकांना माफी नाही

पहिली, श्वासाची. काम उघड्यावरच करा, वारा पाठीशी घेऊन. ओढणी किंवा साधा कापडी मास्क कण अडवील, वाफ नाही. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला, रंगारी वापरतात तसा मास्क हवा. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीसरशी पसरत जाते. म्हणून गॅस, समई, उदबत्ती, डासांची अगरबत्ती जवळपास नको. मुलं, दमेकरी आणि दिवस गेलेल्या बायका ह्यांना लांबच ठेवा.

दुसरी, ब्रेकची. ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रमच्या फटीत फवारा गेला तर ब्रेक धरणार नाही. ती जागा प्लास्टिकनं नीट झाका. चाकाचे नट आणि ते जिथे बसतात ती जागाही कोरी ठेवा. मध्ये रबर आलं तर ते दबतं आणि नट सैल पडू शकतो. सायलेन्सरलाही हे रबर लावू नका, ते तापतं. काम झाल्यावर गल्लीतल्या गल्लीत हळू चालवून ब्रेक पाहा, मगच रस्त्यावर न्या.

पुढची काळजी

पेट्रोलनं हे रबर विरघळतं. तेव्हा मेकॅनिकला आधीच सांगा, “दादा, चाकाला पेट्रोलचा बोळा लावू नका.” टायर उतरवताना कडेला ओरखडे येतात, तिथे पुन्हा एक-दोन हात द्यावे लागतात. धुताना जोराची धार कडेवर मारू नका.

काढायचं झालं तर कड नखानं सोडवून हलकेच ओढा. फाटू लागलं तर खरवडत बसू नका. वरून आणखी दोन-तीन हात मारा, वाळू द्या, आणि मग ओढा, सबंध निघेल. जुलैत ही युक्ती ठाऊक असती तर माझी नखं वाचली असती!

माझी काळी कुळकुळीत चाकं एक अख्खा पावसाळा काढून अजून शाबूत आहेत. कधीतरी रबर सुटेल, तेव्हा दुसरा रंग देईन. लेकीला लाल हवा आहे.

परवा रविवारी हे अंगणात माझ्या स्कूटरभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि घसा खाकरून म्हणाले, “काय गं, डब्यात थोडा उरलाय का? माझ्याही चाकांना जरा...”

मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हटलं, “तुमची चालतेय ना? मग झालं!”