आधी थांबते कशी ते सांग!

शनी अमावास्येला घोडेगाव ते शनिशिंगणापूर हा रस्ता माणसांनी फुललेला असतो. जीपगाड्या, पायी चालणारे, तेल विकणारी पोरे, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया. अशा रस्त्यावर घरी बनविलेली विजेची मोटारसायकल घेऊन उतरणाऱ्या तरुणाला पहिला प्रश्न विचारला पाहिजे तो हाच की, बाबा, तुझी गाडी किती पळते ते नंतर सांग, ती थांबते कशी ते आधी सांग! हँडलला लिंबू-मिरची बांधून मोटर आवरत नसते. ती आवरते ओहमच्या नियमाने.

आयटीआय झालेली आपली पोरे भंगारातली जुनी मोटारसायकल घेतात, तिचे इंजिन उतरवतात, चार बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्ट करतात आणि डीसी मोटर बसवतात. याचे कौतुकच व्हायला हवे. ज्या व्यवस्थेने हात आणि विद्या यांची फारकत केली, तिला दिलेले हे उत्तर आहे. पण मोटर फिरली म्हणजे गाडी झाली, असे समजणारे घात करून घेतात.

डीसी मोटर फिरू लागली की ती स्वतःच आतून उलटा विद्युतदाब तयार करते. वेग वाढेल तसा तो वाढतो आणि प्रवाहाला अडवतो. मात्र गाडी उभी असताना हा उलटा दाब शून्य असतो. तारा आणि गुंडाळी मिळून रोध ०.१ ओहम धरला, तर ४८ व्होल्टची बॅटरी थेट जोडताच ४८० अँपिअर प्रवाह वाहू पाहतो! चालत्या गाडीला ३० अँपिअर पुरत असतील, तेथे हा सोळापट लोंढा. तारा वितळणे, ब्रश जळणे, गाडी हातातून निसटणे, सारे याच क्षणी घडते.

मग मध्ये रोध टाकावा काय? ३० अँपिअरवर निम्मा दाब रोधात खर्ची घातला तर ७२० वॅटची नुसती उष्णता होते, म्हणजे बॅटरीच्या जिवावर एक इस्त्री तापत ठेवायची. शिवाय चढ लागला की गाडी मरगळते आणि सपाटीला सुसाट सुटते. मुंबईची लोकल मात्र कित्येक दशके याच रीतीने सुरू होत असे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावलेल्या पहिल्या विजेच्या गाडीपासून १५०० व्होल्ट डीसीवर मोटारी आधी एकापाठोपाठ, मग समांतर जोडायच्या आणि मधले रोध टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचे. मध्य रेल्वेवरची मुंबईतील शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये थांबली. (त्याच महिन्यात, ८ एप्रिलला, शिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. त्यालाही उच्च न्यायालयाचा रेटा लागला.)

आजचा उपाय म्हणजे विजेची उघडझाप. मॉसफेट नावाचा स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा. निम्मा वेळ चालू ठेवला तर मोटरला सरासरी २४ व्होल्ट मिळतात आणि उष्णता नगण्य राहते. बंद क्षणी गुंडाळीतला प्रवाह फिरत राहावा म्हणून मोटरला उलटा डायोड जोडावाच लागतो. तो विसरला की दाबाच्या उसळीने मॉसफेट मेलाच समजा.

शिंगणापूरच्या घरांना दारे नसतील, मॉसफेटला मात्र दार असते आणि त्याचे नावही गेटच आहे. ते अधांतरी सोडले तर आपोआप उघडते. दहा हजार ओहमचा छोटा रोध त्याला बंद ठेवतो. किंमत रुपयाच्या आसपास! त्याहून वाईट असे की, मॉसफेट जळतो तेव्हा तो बहुधा बंद होत नाही, चालू अवस्थेतच चिकटतो. म्हणजे मूठ सोडली तरी मोटर पूर्ण वेगात. मुठीची ग्राउंडची तार तुटली तरी तोच प्रकार होऊ शकतो. म्हणून बॅटरीलगत फ्यूज, ब्रेकच्या दांडीला जोडलेला कॉन्टॅक्टर आणि अंगठ्याखाली लाल बटण, या गोष्टी गाडी रंगवण्याच्या आधी हव्यात. घरातल्या एसी दिव्याचा स्विच तेथे चालत नाही. डीसीची ठिणगी सहजी विझत नाही, ती ताणली जाते.

काही जण मोटारगाडीचा जुना स्टार्टर वापरतात. तो बहुधा सिरीज मोटर असतो, काही सेकंद चालण्यासाठी बनवलेला. मागचे चाक उचलून, भाराविना त्याला पूर्ण दाब देऊ नये. वेग वाढतच जातो आणि आर्मेचर फुटू शकते.

आता कायद्याचे. २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असला की सारे माफ, हा समज खोटा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत वजनासह इतर अटी आहेत आणि त्या पाळल्याची खात्री पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने केलेली असावी लागते. पेट्रोलच्या गाडीत मनाने मोटर बसवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कलम १८२-ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि दंड हा लहान भाग झाला. अशा गाडीला विमा मिळत नाही. घोडेगावच्या रस्त्यावर कुणाचा पाय मोडला, तर भरपाई गाडीवाल्याच्या घरातून जाते. आणि ज्या घरात बापाने उसनवारी करून बॅटऱ्या घेऊन दिल्या, तेथे भरपाईला काय असते?

मोठ्या कंपनीला चाचणीचा खर्च जड नाही. आयटीआयच्या पोराला तो झेपत नाही. तेव्हा जिल्ह्याच्या प्रत्येक सरकारी आयटीआयमध्ये चाचणीचा एक बाक, दोन मीटर आणि शिकवणारा माणूस शासनाने द्यावा, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनात गेली पाहिजे.