एका पोत्यातला जाळ

दिवाळीच्या आगेमागे नंदुरबारला या. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची पसरलेली, बाया देठ खुडत बसलेल्या, आणि आपण पोहोचायच्या आधीच नाकाला पत्ता लागलेला. एक शिंक, दुसरी शिंक, मग ठसका. हा ठसका आज आपण मोजायचा आहे. कागद-पेन्सिल घ्या.

मिरचीतला जाळ म्हणजे कॅप्सेसिन. 1912 मध्ये विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं तो मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क अल्कोहोलमध्ये उतरवायचा, मग साखरपाणी घालत जायचं, घालत जायचं, जिभेला तिखट लागेनासं होईपर्यंत! जितक्या पट पाणी लागेल, तितका तिखटपणाचा आकडा. निव्वळ कॅप्सेसिनचा आकडा आज धरतात 1 कोटी 60 लाख. पाचशेच्या नोटांचे 320 गठ्ठे रचा, त्यात एक रुपया लपवा. जिभेला तो रुपया सापडतो.

कसा सापडतो? भाजल्याची खबर देणारं मज्जातंतूवरचं जे दार 43 अंशांच्या आसपास उघडतं, तेच कॅप्सेसिन थंड तोंडात उघडतं. हे दार शोधणारे डेव्हिड ज्युलियस 2021 च्या नोबेलचे मानकरी आहेत, तेव्हा बाकीचं त्यांच्यावर सोडू आणि आपण हिशेबाला लागू.

1 ग्रॅम कॅप्सेसिन, म्हणजे चिमूटभर. त्यानं 16,000 लिटर साखरपाणी तिखट होतं. पाण्याचा मोठा टँकर 10,000 लिटरचा. एका चिमटीत दीड टँकर गेला!

आता सुकी मिरची. वाणागणिक तिखटपणा बदलतो, पण हिशेबापुरतं किलोमागे 2 ग्रॅम कॅप्सेसिन धरू. एका किलोत 32,000 लिटर. 20 फूट रुंद गोल विहीर घ्या, तीत 30 फूट पाणी, म्हणजे सुमारे 2 लाख 67 हजार लिटर. सव्वाआठ किलो मिरचीत अख्खी विहीर तिखट. आणि 10 टनांच्या एका ट्रकात? बाराशे विहिरी! (कुणी करून बघू नका. गाव सोडावं लागेल.)

हेच तिखट औषधही आहे. सांधेदुखीच्या मलमात कॅप्सेसिन असतं, साध्या मलमात 0.025 टक्के. त्या हिशेबानं किलोभर मिरचीत 30 ग्रॅमच्या 266 ट्यूबा. ओल्या लाल मिरचीत क जीवनसत्त्व 100 ग्रॅममागे सुमारे 143 मिलिग्रॅम, संत्र्याच्या अडीचपटीहून जास्त. माणसाला दिवसाला 80 मिलिग्रॅम धरलं, तर 10 टन ओल्या मिरचीत पावणेदोन लाखांवर माणसांचा एका दिवसाचा वाटा भरतो. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार शहर लाखाच्या थोडं वर होतं. सगळं शहर जेवून उठलं तरी ट्रकात मिरची उरते! अर्थात खाणार कोण, हा प्रश्न वेगळा. शिवाय पथारीवरचं ऊन पाणी उडवता उडवता त्यातलं बरंचसं जीवनसत्त्वही नष्ट करतं. साधारण चार किलो ओलीची एक किलो सुकी होते, म्हणजे 10 टन सुकीमागे 30,000 लिटर पाणी सूर्य फुकटात उचलतो. अवकाळी पाऊस आला की तेच पाणी परत येतं आणि पथारीवरच माल कुजतो.

आता रेल्वे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दुष्काळी लातूरला पाण्याच्या गाड्या धावल्या, आठवतं? 50 वाघिणींच्या एका गाडीत 25 लाख लिटर पाणी. आपल्या एका ट्रकातली सुकी मिरची तशा 128 गाड्या तिखट करते. गाडीची लांबी साडेसहाशे मीटर धरून त्या एकामागे एक उभ्या करा. शेपटी मुंबईत, इंजिन नेरळच्या तोंडाशी! आणखी मिरची आणा. दोन ट्रक, वर 3 टन, एकूण 23 टन. आता 294 गाड्या, पावणेपंधरा हजार वाघिणींच्या जवळ, 73 कोटी लिटरांवर पाणी, आणि मुंबई ते पुणे सगळा लोहमार्ग ठासून भरला! एवढ्या पाण्याचा थेंब न् थेंब तिखट करणारं कॅप्सेसिन किती? 46 किलो. धान्याच्या एका पोत्यात मावेल, पोतं थोडं रिकामंच राहील.

आणि पथारीवर ठसका लागला, भाकरीबरोबरचा मिरचीचा खुडा जरा जास्त झाला, तर या 294 गाड्यांकडे बघूही नका. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पेलाभर ताक प्या.