रसद, पगार, दारूगोळा

1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडला, मुंबईत भाव भडकले आणि 1865 मध्ये कोसळले. आम्हा कापडवाल्यांना ते युद्ध यामुळे ठाऊक. त्यावर ‘सिव्हिल वॉर’ हा संगणकाचा फुकट खेळ आहे. 1968 मध्ये तो लेक्सिंग्टन हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी रचला. त्यात 14 लढाया आहेत. आपण दक्षिणेचे सेनापती. प्रत्येक लढाईपूर्वी हाती असलेली रक्कम रसद, पगार व दारूगोळा यांत वाटायची, मग चार डावांतून एक निवडायचा. दारूगोळा कमी पडला तर माणसे जास्त मरतात. रसद-पगारात हात आखडला तर हिंमत खचून शिपाई पळतात. कारखानदार बांधवांनो, सारे भांडवल मालात गुंतवून कारागिराची मजुरी थकवली, तर आपल्याकडेही हेच होते.